फेअर वेअर अँड टेअर

कुणाच्या घरी गेलं की आपण आधी माणसांकडे बघतो. अण्णा आधी छताकडे बघतात. "या, या" म्हणत दार उघडणाऱ्याचं हसू ओसरायच्या आत त्यांची नजर हॉलचे चारही कोपरे हिंडून आलेली असते. मग चपला काढताना एक हात भिंतीवर. बघणाऱ्याला वाटतं, वय झालंय, तोल सांभाळतायत. तोल वगैरे काही नाही, भिंतीला ओल आहे का ते चाचपणं चाललेलं असतं. त्यानंतर बोटाच्या पेराने दोन टिचक्या. प्लास्टर भरीव वाजलं तर मान डोलावतात, भद्द वाजलं तर चेहरा पडतो. एवढं उरकून सोफ्यावर टेकले की मग, "बाकी काय, बरे आहात ना सगळे?"

सुखदुःखाने यात फरक पडत नाही. आमच्या सोसायटीतले एक आजोबा गेले, तेव्हा भेटायला आलेले सगळे खाली मान घालून बसले होते आणि अण्णा तेवढे एकटक वर बघत होते. आजोबांचा मुलगा गहिवरला. त्याला वाटलं, काका डोळ्यांतलं पाणी आवरतायत. निघताना अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "वरच्यांच्या बाथरूमचा ट्रॅप गळतोय. दिवस उरकले की बघून घे. स्लॅबच्या सळया गंजायला लागल्या की मग आवरत नाही."

अण्णा एमईएसमधून रिटायर झाले. पुण्यात एमईएस म्हटलं की निम्म्या लोकांना महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी आठवते. "कुठल्या शाळेवर होतात?" असं विचारणाऱ्यांना अण्णा गेली कित्येक वर्षं न चिडता सांगत आलेत, "मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस." मिलिटरी म्हटल्यावर समोरचा जरा सावरून बसतो. "म्हणजे सीमेवर?"

"नाही. मोरीवर."

यात खोटं काही नाही. 26 सप्टेंबर 1923 रोजी स्थापन झालेलं हे खातं तिन्ही दलांच्या बराकी, क्वार्टर, हॉस्पिटलं, धावपट्ट्या, रस्ते, पाणी आणि वीज एवढं सगळं बघतं. बांधायचं एकदा आणि सांभाळायचं जन्मभर. बांधणाऱ्यांच्या नावाची कोनशिला बसते. सांभाळणाऱ्याचं नाव फक्त कम्प्लेंट रजिस्टरात सापडतं, तेही "जेई आला नाही" या वाक्यात. अण्णा भरती झाले तेव्हा त्यांच्या पदाला सुपरिंटेंडेंट बी/आर म्हणत. पुढे त्याचंच ज्युनिअर इंजिनिअर झालं. पद बदललं, पगार जरा बदलला, मोऱ्या त्याच राहिल्या.

छावणीचा एक नियम असा की गणवेशातली माणसं दोन-तीन वर्षांत बदलून जातात. आज खडकी, उद्या भटिंडा, परवा तेजपूर. अण्णा गणवेशाबाहेरचे, सिव्हिलियन. त्यांच्याही बदल्या झाल्या, पण त्या मानाने संथ, आणि फिरून फिरून ते पुणे, देवळाली, नगर याच पट्ट्यात येत राहिले. त्यामुळे एकेका बंगल्यात राहून गेलेले साहेब त्यांनी ओळीने पाहिले आणि त्यातून त्यांचं एक तत्त्वज्ञान तयार झालं. त्यांच्या लेखी बंगला हाच खरा रहिवासी. कर्नल, ब्रिगेडियर, त्यांच्या मेमसाहेब, मुलं, लॅब्रेडॉर ही सगळी त्या बंगल्याला येणारी झीज.

ही झीज मोजायची जागा म्हणजे मार्चिंग आउट. साहेबांची बदली झाली की क्वार्टर रिकामं करताना एमईएसचा माणूस यादी घेऊन येतो. आत येताना, म्हणजे मार्चिंग इनच्या वेळी, सही करून घेतलेली प्रत्येक वस्तू जाताना जागेवर आणि धड आहे का ते बघतो. वापरून वापरून जे झिजतं त्याला म्हणायचं फेअर वेअर अँड टेअर, त्याचे पैसे लागत नाहीत. जे मोडलं, हरवलं किंवा पोरांनी खेळताना फोडलं त्याला बॅरॅक डॅमेजेस, ते भरावे लागतात. या दोहोंमधली रेघ कुठे आखायची हे जो ठरवतो त्याच्या हातात किती सत्ता असते, याची कल्पना बाहेरच्याला येणार नाही. एरवी ज्यांच्या गाडीला अख्खी पलटण सलाम ठोकायची, ते साहेब त्या दिवशी अण्णांच्या मागे मागे मोरीपर्यंत जायचे.

अण्णांची पद्धत ठरलेली. सगळ्या खिडक्यांच्या काचा मोजायच्या, तडा दिसला तर नखाने चाचपून तो जुना की नवा ते ठरवायचं. जुन्या तड्यात मळ बसलेला असतो, नव्या तड्याची धार लागते. मग दारांच्या कड्या, नळांची डोकी, शॉवरची जाळी. फर्निचर असलं तर खुर्ची उलटी करून खालचा रंगवलेला नंबर वाचायचा, कारण शेजारच्या क्वार्टरातली धड खुर्ची आपल्याकडे आणि आपली लंगडी शेजाऱ्याकडे सारायची विद्या सर्व रँकमध्ये सारखीच रुजलेली होती. शेवटी भिंती. भिंतीतल्या खिळ्यांबद्दल अण्णांचं मत फार कडक. चुन्याच्या भिंतीला जो माणूस हातोडी-खिळा लावतो तो पुढे कितीही मोठा झाला तरी त्यांच्या लेखी तिथेच संपला.

म्हणून तर त्यांच्याबरोबर टीव्ही बघणं अशक्य. संध्याकाळी कुठल्याशा चॅनेलवर एक निवृत्त लेफ्टनंट जनरल चीनच्या सीमेवर बोलत असतात. अण्णा चष्मा पुसून पुढे सरकतात.

"ओळखतो यांना. मेजर असताना माझ्याकडे होते. हॉलच्या भिंतीला गव्याचं मुंडकं लटकवायला चौदा भोकं पाडली होती."

"अहो, ते काय बोलतायत ते तरी ऐका," काकू म्हणतात.

"ऐकतोय ना. चीनचं काय सांगतायत ते बरोबर असेल. पण चौदा, अगं! एक मुंडकं!"

इतिहासाकडेही ते याच खिडकीतून बघतात. 5 नोव्हेंबर 1817 ची खडकीची लढाई आपल्याला पेशवाईचा शेवट म्हणून ठाऊक. अण्णांच्या दृष्टीने त्यानंतर पुण्याची आणि खडकीची छावणी बसली, आणि तिथून दोनशे वर्षांचा मेंटेनन्स सुरू झाला. एनडीएची पायाभरणी नेहरूंनी 6 ऑक्टोबर 1949 ला केली. तिथे पाहुणे सुदान ब्लॉकचा घुमट बघून थक्क होतात. अण्णांनी मला नेलं तेव्हा घुमट त्यांनी दोन सेकंदांत आटोपला. "घुमटाला काही होत नाही. त्याच्यावर पाणी थांबतच नाही. ते उतरून जातं कुठे ते बघ." मग आम्ही बराच वेळ पावसाच्या पाण्याचे पाइप बघत उभे होतो. आमच्या शेजारून एक सहल गेली. त्यांच्या बाईंनी मुलांना "वर बघा" सांगितलं, आम्हाला बघून काही मुलं खाली बघायला लागली.

नगरच्या किल्ल्यात 1942 पासून नेहरू कैदेत होते, तिथेच त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. हे मी अण्णांना मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "तीन पावसाळे काढले की त्यांनी तिथे. छपराबद्दल काही लिहिलंय का?"

पाऊस हा अण्णांचा खरा शत्रू. चीन-पाकिस्तान साहेब लोकांनी बघावेत. मे महिन्याच्या मध्यापासून त्यांची युद्धसज्जता सुरू व्हायची. जुन्या बंगल्यांची कौलं चाळायची, म्हणजे सगळी उतरवून, झाडून, फुटकी बाजूला काढून पुन्हा नीट बसवायची. पन्हळी साफ करायच्या, पानं काढायची, गच्चीच्या पाण्याची तोंडं मोकळी करायची. एकदा देवळालीच्या एका जुन्या बंगल्याच्या छपरावर त्यांना बाझल मिशनच्या शिक्क्याचं मंगळुरी कौल मिळालं. मिशनने मंगळुरात 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला होता. अण्णांनी ते कौल पालथं करून, उलथं करून, कानाशी धरून वाजवून पाहिलं. खणखणीत. मग ते स्वतः शिडीवर चढून परत जागेवर ठेवून आले. मजूर म्हणाला, साब, फोटो काढून घ्या. अण्णा म्हणाले, "फोटो कशाला? ड्यूटीवर आहे ते."

चुना आणि सिमेंट हा त्यांचा आणखी एक हळवा विषय. जुनी दगडी भिंत चुन्यात बांधलेली. ती ओल घेते आणि सोडते. तिला वरून सिमेंटचं प्लास्टर थापलं की ओल आत कोंडते, मिठाची पांढरी बुरशी फुटते आणि दोन पावसांत पापुद्रा गळून पडतो. एवढं साधं तंत्र, पण तरुण ठेकेदाराला सांगायला गेलं की तो म्हणायचा, "काका, सिमेंट मजबूत असतं." अण्णांच्या मते इमारतींचं जेवढं नुकसान तोफांनी केलं नसेल तेवढं 'मजबूत' या कल्पनेने केलं. त्यावर पुन्हा रंग मारणं म्हणजे तापलेल्या पोराला पावडर लावून शाळेत धाडणं.

आणि रंग तर मारायचाच असायचा. कुणी मोठे साहेब इन्स्पेक्शनला यायचे म्हटलं की अख्ख्या छावणीला गेरू-चुन्याचा ताप भरायचा. रस्त्याकडेच्या विटा एक आड एक पांढऱ्या-तांबड्या, झाडांच्या बुंध्यांना गेरूचा पट्टा, त्यावर चुन्याची किनार. अशा वेळी साहेबांची गाडी कुठल्या रस्त्याने येणार, कुठे वळणार, हे विचारून घेण्यात काहींचा हातखंडा असे. गाडी वळते त्या कोपऱ्यावर रंग संपायचा. अण्णांना हे मनापासून झोंबायचं. पण त्यातही त्यांनी आपला मार्ग काढला होता. रंगाचं काम निघालं की ते आधी त्याच यादीत पन्हळींची गळती, दारांच्या बिजागऱ्या आणि फुटके पाइप घुसवायचे. "रंग दिसावा म्हणून साहेब पैसे देतो. त्या पैशात पाइप बसतो. मग रंगही दिसतो, पाइप दिसत नाही, आणि गळतही नाही. तिघेही खूश."

मार्च महिना त्यांच्यासाठी वेगळाच सण. वर्षभर 'फंड नहीं है' असं ऐकवणाऱ्या फायली मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अचानक उदार व्हायच्या. 31 तारखेच्या आत पैसा खर्च झाला नाही तर तो परत जातो. त्यामुळे जूनमध्ये मागितलेली ताडपत्री मार्चमध्ये मंजूर होऊन कडक उन्हात यायची. अण्णांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. ते ती घडी करून ठेवायचे. "जून दरवर्षी येतो," म्हणायचे.

नव्या इमारतीबद्दल मात्र त्यांना कधीच उत्साह नव्हता. सैनिकांच्या घरांसाठी 2002 मध्ये मॅरिड अ‍ॅकोमोडेशन प्रोजेक्ट सुरू झाला, पुढे ठिकठिकाणी मोठमोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. सहकारी हरखले. अण्णांनी पहिल्या दिवशी विचारलं ते एवढंच, की टाकीचा बॉलकॉक बदलायला माणूस कुठून आत शिरणार? नवी इमारत ताब्यात घेतली की ठेकेदारावर काही काळ डिफेक्ट लायबिलिटी असते. त्या मुदतीत दोष निघाला तर दुरुस्ती त्याच्या खर्चाने. ती मुदत वर्षाची असेल तर वर्षभर इमारत गुण्यागोविंदाने नांदते. मुदत संपली रे संपली की एकेक नळ बोलायला लागतो. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण पहिल्यांदा एखाद्या एमईएसवाल्याच्याच तोंडून निघाली असणार, यावर अण्णांचा ठाम विश्वास आहे.

त्यांचा लाडका सिद्धांत मात्र टेम्पररीचा. लष्करात इमारती काही पर्मनंट, काही टेम्पररी. यांतली टेम्पररी जास्त टिकते. कारण सोपं. पर्मनंट इमारत म्हातारी झाली की तिच्यावर बोर्ड बसतो, ती दुरुस्तीच्या पलीकडे गेल्याचा ठराव होतो, ती पाडतात. टेम्पररीवर कुणी मोठा खर्च मागत नाही, कारण ती आज ना उद्या जाणारच. पाडायचा खर्चही मागत नाही, कारण तिच्या जागी नवीन काही मंजूर झालेलं नसतं. दरवर्षी चार पत्रे, दोन वासे आणि एक बादली चुना, एवढ्यावर ती पन्नास-पन्नास वर्षं उभी राहते. पुरावा म्हणून अण्णा दिल्लीचा दाखला देतात. साउथ ब्लॉकच्या आसपास दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी उभारलेल्या तात्पुरत्या बराकींत संरक्षण मंत्रालयाची कार्यालयं 2021 पर्यंत चालू होती. सप्टेंबर 2021 मध्ये कस्तुरबा गांधी मार्ग आणि आफ्रिका अव्हेन्यूवरच्या नव्या इमारतींचं उद्घाटन झालं तेव्हा सुमारे 7,000 माणसं तिथून हलायची होती. बातमीत सगळ्यांनी नव्या इमारतींचे फोटो बघितले. अण्णांनी कात्रण काढलं ते जुन्या बराकींच्या फोटोचं, आणि खाली पेन्सिलीने लिहिलं: 'टेम्पररी. सुमारे 80 वर्षे.'

रिटायर झाल्यावर हे सगळं ज्ञान कुठे जाणार? घरावर आलं. घराचा कारभार एमईएसच्या नियमांनी चालतो. काकूंनी स्वयंपाकघरात नवी फळी मागितली तर ती ओरिजिनल वर्क, तिला वरची मंजुरी लागते. जुनी फळी मोडली तर ती रिपेअर, ती लगेच होते. काकूंनी ही गोम ओळखली आणि त्यानंतर त्या घरातल्या फळ्या वरचेवर मोडायला लागल्या. वरची मंजुरी देणारा जो अधिकारी, म्हणजे कॉम्पिटंट फायनान्शियल ऑथॉरिटी ऊर्फ सीएफए, त्या पदावर स्वतः काकूच आहेत, हे अण्णांना रिटायरमेंटनंतर पहिल्या दिवाळीत कळलं. पूर्ण घराच्या रंगाला काकूंनी नकार दिला, तेव्हा अण्णांनी दिवाळीत हॉल, संक्रांतीला बेडरूम आणि पाडव्याला स्वयंपाकघर असं रंगवून घेतलं. हिशेबाची वही बघून काकू म्हणाल्या, "अहो, हे तर तुमचं ते स्प्लिटिंग ऑफ वर्क्स झालं. याला तुमच्याकडे मेमो देतात ना?" अण्णांनी तो तोंडी मेमो मान खाली घालून घेतला.

घरात आणखी एक जुनं वैर नांदतं. एमईएसमध्ये बिल्डिंग-रस्तेवाले बी/आर आणि वीज-यंत्रवाले ई/एम, या दोन जाती. अण्णा कट्टर बी/आर. छताचा हुक बी/आरचा, त्याला लटकणारा पंखा ई/एमचा. पंखा खाली आला तर दोन्हीकडचे आधी हुक बघायचे. अण्णांचा जावई इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. लग्न ठरलं तेव्हा अण्णा बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "मुलगा चांगला आहे. ई/एम आहे, पण चांगला आहे." अजूनही जावई आला की घरात एखादा बल्ब गेलेला असतो आणि अण्णा त्याला तो दाखवतात. ओल धरलेली भिंत मात्र दाखवत नाहीत. ती घरातली गोष्ट.

स्वतःच्या शरीराबद्दलही त्यांचं धोरण तेच. गेली काही वर्षं त्यांचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी गुडघा बदलायचं सुचवलं, तेव्हा अण्णांनी ठाम नकार दिला. "हे फेअर वेअर अँड टेअर आहे. हे बदलून मिळत नसतं." मुलगी रडकुंडीला आली, जावयाने विम्याचे कागद दाखवले. अण्णा तेल लावून बसले. "अजून लोड घेतोय ना? मग? दरवर्षी थोडी दुरुस्ती करत राहायची."

मग सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटचा विषय आला. आमच्या चार मजली इमारतीच्या जागी चौदा मजली टॉवर, प्रत्येकाला एक खोली जास्त आणि खाली गाड्यांना जागा. बिल्डर लॅपटॉप घेऊन आला. पडद्यावर कारंजं, बाग आणि गच्चीवर तलाव दिसला. सगळी सभा हरखून गेली. अण्णा उठले. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करायचं असतं याची सोसायटीला आजवर फक्त त्यांनीच आठवण करून दिलेली, त्यामुळे ते उठले की सेक्रेटरी आपोआप घड्याळ बघतो.

"तलाव गच्चीवर आहे. त्याच्या खालच्या फ्लॅटमध्ये कोण राहणार?" अण्णांनी विचारलं. बिल्डर हसला. अण्णा हसले नाहीत. "बरं. लिफ्ट चार. कितव्या वर्षी दोर बदलायचा, पंप कितव्या वर्षी, बाहेरचा रंग कितव्या वर्षी, त्याला दर महिना फ्लॅटमागे किती पैसे लागतील, ते या चित्रात कुठे आहे?" बिल्डर म्हणाला, "काका, नवीन बिल्डिंगला काय होतंय?" या वाक्यानंतर अण्णा खाली बसले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत ज्या वाक्याशी ते भांडत आले ते त्यांच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये, समोसे खात, पुन्हा ऐकायला मिळालं होतं. मतदान झालं. विरोधात एक मत पडलं. बाजूने मत देणाऱ्यांत काकूही होत्या.

आम्हाला वाटलं, आता ते महिनाभर बोलणार नाहीत. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते दारात उभे. हातात रजिस्टर, कानाला पेन्सिल.

"सभेचा हुकूम झाला, विषय संपला. पण चार्ज नीट द्यायचा. मार्चिंग आउट करायला आलोय."

"अण्णा, ही इमारत पाडायचीय."

"पाडायला देतोय म्हणून मोडकं देऊ का?"

आणि त्यांनी खरंच सगळं बघितलं. काचा मोजल्या, तड्यांवरून नख फिरवलं, नळ उघडून-बंद करून पाहिले. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेला तडा होता, तो जुना निघाला, म्हणून फेअर वेअर अँड टेअर. बाथरूममधली बिल्डरने मूळ बसवलेली चिनी मातीची साबणदाणी मात्र जागेवर नव्हती. ती कधी फुटली हे आमच्या घरात कुणालाच आठवेना. अण्णांनी दोनशे रुपये लिहिले. मी भरले. पावतीवर स्वच्छ अक्षरात 'बॅरॅक डॅमेजेस' असं लिहून, खाली सही करून, त्यांनी ती माझ्या हातात दिली. सेक्रेटरीच्या घरात त्यांना चौदा खिळे सापडले. तिथे त्यांनी किती लावले ते सेक्रेटरी अजून सांगत नाही, पण नव्या घरात आपण भिंतीला काही लटकवणार नाही, असं तो सगळ्यांना सांगत असतो. बिल्डरच्या सुपरवायझरने सगळी यादी हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि विचारलं, "याचं मी काय करू?" अण्णा म्हणाले, "फॉर इन्फो अँड नेसेसरी अ‍ॅक्शन प्लीज."

त्याच आठवड्यात अण्णांनी मुलीला फोन केला. गुडघा बदलायला तयार आहेत म्हणे. घरात आनंदीआनंद. इतके दिवस न ऐकणारे अण्णा एकदम कसे ऐकले, ते कुणाला कळेना. कारण त्यांनी मला जिन्यात सांगितलं. नव्या टॉवरचं मार्चिंग इन ते स्वतः करणार होते, प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक फ्लॅटमध्ये. म्हणजे चौदा मजले चढायचे.

"लिफ्ट असेल की, अण्णा."

"लिफ्ट ई/एमची," ते म्हणाले.

ऑपरेशनच्या आधी मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो होतो. डॉक्टरांनी नवा सांधा हातात देऊन सगळं समजावलं. अण्णांनी तो उजेडात धरला, बोटाच्या पेराने दोन टिचक्या मारल्या आणि पसंतीची मान डोलावली. मग विचारलं, "डिफेक्ट लायबिलिटी किती?"

"अहो काका, पंधरा-वीस वर्षं सहज टिकतो."

"ते लाइफ झालं, डॉक्टर," अण्णा रजिस्टर उघडत म्हणाले. "मी लायबिलिटी विचारतोय."